बँक हो म्हणेपर्यंत

बाईंना कुणी त्यांच्या मिस्टरांबद्दल विचारलं, की त्या म्हणायच्या, "टायपिंग मिस्टेक होती. खोडली."

त्यापुढे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं, कारण बाईंचा टायपिंगचा क्लास सुरतेच्या लिंबायत भागात ज्या खोलीत भरायचा, तिच्या खालच्या गाळ्यात बारा माग दिवसरात्र चालायचे. वरची फरशी सारखी थरथरायची. टाइपरायटर टेबलावर कणाकणाने सरकत कडेला यायचे, म्हणून बाईंनी प्रत्येकाच्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते. त्या गोंगाटात बाईंचा आवाज मात्र कोपऱ्यातल्या शेवटच्या मशीनपर्यंत पोचायचा. त्या अकोल्याकडच्या. सुरतेत त्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली होती, पण जिभेवरची वऱ्हाडी त्यांनी तसूभर हलू दिली नव्हती; तिकडच्या बायकांसारख्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच म्हणायच्या. गुजराती किराणावाला असो, बिहारी रिक्षावाला असो की आमच्यासारखी घरात अहिराणी बोलणारी खानदेशी माणसं, बाई सगळ्यांशी वऱ्हाडीतच बोलायच्या, आणि सगळ्यांना ते बरोबर कळायचं.

क्लासात कुणालाही नाव नव्हतं. ज्या मशीनवर बसाल तो तुमचा नंबर. मी सात नंबर. आधीच्या बॅचचे लोक रस्त्यात भेटले तरी बाई त्यांना नंबरानेच हाक मारायच्या. मशिनं होती अकरा, पण शेवटचा नंबर बारा, कारण एकनंतर थेट तीन. "माह्या क्लासात दोन नंबरचं काही चालत नाही," असं त्या प्रत्येक नव्या बॅचला सांगायच्या, आणि कुणी हसलं तर त्याला एक पान जास्तीचं मारायला लावायच्या.

मी तिथे गेले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मागाच्या पट्ट्यात गेली होती. शेठने महिनाभर पगार दिला, मग दुसरा माणूस ठेवला. मला दहावीपर्यंतचं शिक्षण होतं. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत ऑफिसांमधून टायपिस्ट लागतात असं कळलं, म्हणून धीर करून जिना चढले. आत सगळी सतरा-अठराची पोरं.

"पोराले घ्याले आली का?" बाईंनी विचारलं.

"नाही. शिकायला आले."

"मंग उभी काहून हायस? सात नंबर रिकामं हाय."

बस, एवढीच माझी मुलाखत.

बाई पांढऱ्या साडीवर पुरुषी घड्याळ घालायच्या, तेही उजव्या हाताला. बारा महिने छत्री. ऊन-पाऊस नसला तर त्या छत्रीने दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दाखवायच्या. एकदा एका माजी विद्यार्थ्याने लग्नपत्रिका आणून दिली, ती त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवली आणि लग्नाला मात्र वेळेवर हजर राहिल्या. प्लेगच्या साथीत अर्धी सुरत गावाला पळाली, आमची गल्ली तर कुलपांची झाली होती. बाई हलल्या नाहीत. लोक पंधरा-वीस दिवसांनी परतले आणि क्लासात गेले, तर हजेरीपटावर रोजच्या रोज प्रत्येकाच्या नंबरापुढे गैरहजेरी मांडलेली.

"प्लेग होता बाई!"

"मले सांगतं? मी इथंच होतो."

शिकवताना कळफलकावर फडकं टाकायच्या, खाली पाहिलं की लाकडी पट्टी बोटांवर. आणि एक नियम त्यांचा स्वतःचा, कुठल्याही पुस्तकात नसलेला. कागदावर रक्कम टाइप केली की अक्षरी रकमेनंतर 'फक्त', आणि 'फक्त'च्या पुढे तीन वेळा बरोबरचं चिन्ह आणि आडवी रेघ, आलटूनपालटून. उरलेल्या जागेत कुणी काही घुसडू नये म्हणून. "कोऱ्या जागेवर भरोसा ठेवू नका," असं त्या म्हणायच्या. ते चिन्ह आमच्या बोटांत इतकं मुरलं होतं, की परीक्षेत त्यासाठी गुण कापले जायचे तरी आम्ही ते मारायचो.

एकदा बाईंनी जुना टाइपरायटर विकायला काढला. एका शाळेचे हेडमास्तर आले, गुजराती, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी मशीन पाहिलं, पसंत केलं आणि चेक लिहिला. बाईंनी चेक घेतला, घडी घालून डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, "आता तुमचं घड्याळ द्या."

"घड्याळ?"

"मशीन आजच नेता नं? मंग चेक वटेपर्यंत घड्याळ इथं राहीन."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. "बेन, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमचा माह्यावर हाय नं? मंग द्या."

आम्ही सगळे मान खाली घालून टाइप करत होतो, पण कुणाच्याही कागदावर धड शब्द उमटत नव्हता. हेडमास्तरांनी घड्याळ काढून दिलं. पाचव्या दिवशी चेक वटला. बाई स्वतः शाळेत जाऊन घड्याळ देऊन आल्या. पाचही दिवस त्याला न चुकता चावी दिली होती, हे हेडमास्तरांनीच पुढे सगळ्यांना सांगितलं, आणि दर वर्षी शाळेतली चार-पाच मुलं आमच्या क्लासला पाठवली.

तेव्हा मी घरी जाऊन नवऱ्याला हा किस्सा हसत हसत सांगितला होता. बाईंचं डोकं जरा फिरलेलं आहे, असंच आम्हा दोघांना वाटायचं.

मग आमची स्कूटर विकायची वेळ आली. डाव्या हाताने क्लच दाबता येईना, तेव्हा ती नुसती दारात धूळ खात उभी होती. ती विकून एका छोट्या गाळ्याचं डिपॉझिट भरायचं आणि दुकान टाकायचं, असा नवऱ्याचा बेत होता. त्या दुकानावर त्याचा सगळा जीव होता. बोटं गेल्यापासून त्याने स्वतःहून बोललेली ती पहिली गोष्ट. आम्ही पेपरात छोटी जाहिरात दिली, खाली शेजारच्या दुकानाचा फोन नंबर. गुरुवारी एका माणसाचा फोन आला. त्याने किंमत ऐकली, अकरा हजार, आणि एक रुपयाही कमी करा म्हणाला नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं. सुरतेत भाव न करणारं गिऱ्हाईक!

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला तो आला. सफारी, कपाळाला गंध, बोलायला लोण्यासारखा. सोबत टेम्पो. स्कूटर चालवूनही पाहिली नाही. खिशातून बँकेचा ड्राफ्ट काढून नवऱ्याच्या हातात दिला. चौदा हजारांचा.

"हे तीन हजार जास्त आहेत," नवरा म्हणाला.

"अमदावादच्या ऑफिसने एकच ड्राफ्ट काढला, भाई. स्कूटर आणि एक कपाट मिळून. कपाटाचा सौदा मोडला. तुम्ही मला तीन हजार रोख द्या, म्हणजे हिशेब पुरा. ड्राफ्ट एटले रोकडा! चेक थोडाच आहे?"

ड्राफ्ट म्हणजे रोकडाच, हे आम्हीही ऐकलेलं होतं. पैसे आधी भरल्याशिवाय बँक ड्राफ्ट देत नाही, मग तो खोटा कसा असेल? शनिवार असल्यामुळे बँका बाराला बंद झालेल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. घरात तीनशे रुपयेसुद्धा नव्हते.

"आते काय करानं?" नवऱ्याने मला आत बोलावून विचारलं. त्याचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांनी.

मी म्हटलं, बाईंकडे मागून बघते. दाखवायला बरा म्हणून ड्राफ्ट घेतला आणि निघाले.

बाई जेवत होत्या. भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतला, पुसला, ड्राफ्ट घेऊन खिडकीपाशी गेल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. मला वाटलं पैसे मागितले म्हणून रागावल्या.

"नसतील तर राहू द्या, बाई."

"चाल," एवढंच म्हणाल्या. छत्री घेतली. एक कोरा कागद आणि कार्बन घेतला. तीन हजार घेतले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा स्कूटर टेम्पोत चढवायला फळी लावलेली होती. बाई सरळ जाऊन स्कूटरच्या सीटवर बसल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पांढरी साडी, छत्री मांडीवर आडवी.

"कोण ही माँजी?" सफारीवाला हसला.

"बँकेत सोमवारी दहा वाजता भेटू," बाई म्हणाल्या. "बँक हो म्हणेपर्यंत गाडी इथून हलनार नाही. बँकेनं हो म्हटलं का गाडीही घेऊन जा आन् तीन हजारही."

त्याने समजावलं. मग नवऱ्याकडे वळून त्याच्या मर्दपणाला हात घातला, घरात कुणाचं चालतं म्हणून. नवरा लाल झाला आणि मला म्हणाला, "यांना उठव." मी मध्ये उभी. एका बाजूला नवऱ्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला ही विक्षिप्त बाई. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला बाईंचाच राग आला होता.

शेवटी तो माणूस म्हणाला, "मला सौदाच नाही करायचा. ड्राफ्ट परत करा."

"तो माह्यापाशी हाय," बाई म्हणाल्या. "पोच लिहून देतो. तुमचं नाव सांगा, पत्ता सांगा, सही करा."

त्यांनी सीटवरच कागदाखाली कार्बन लावला आणि पेन त्याच्यासमोर धरलं. चौदा हजारांचा ड्राफ्ट दुसऱ्याच्या हातात, आणि तो माणूस नाव सांगेना. गल्लीतले लोक जमले होते. त्याने एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा पेनकडे. पोलिसात जातो, एकेकाला बघून घेतो, असं ओरडत टेम्पोत बसला आणि गेला. ड्राफ्ट तसाच टाकून.

तेव्हा कुठे माझ्या नवऱ्याने दाराचा आधार घेतला.

सोमवारी बँकेत साहेबांनी सह्यांच्या नमुन्यांचं पुस्तक काढून पाहिलं. तशी सही नव्हती. बाईंनी तिथून आम्हाला थेट पोलीस चौकीत नेलं. तक्रार रात्रीच टाइप करून ठेवली होती, चार प्रतींत. फौजदाराने वाचली आणि परत केली.

"माँजी, स्कूटर गई? नहीं. पैसा गया? नहीं. फिर नुकसान क्या हुआ?"

"काहून? नुकसान व्हायची वाट पाहू काय?" बाईंनी खुर्ची ओढली. "बसतो मी. झालं का सांगा."

आणि खरंच बसल्या. दुपारी तीनपर्यंत. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक माणसाला तक्रारीची प्रत वाचायला देत होत्या. शेवटी फौजदाराने वैतागून एका प्रतीवर पोच दिली. तपास काही झाला नाही. उलट त्याच आठवड्यात सफारीवाल्याची दोन माणसं क्लासात येऊन गेली. एकाने बारा नंबरचं मशीन उचललं आणि टेबलावरच सोडून दिलं. पोरं भिंतीला चिकटली. बाई जागच्या उठल्या नाहीत. "फरशी पाह्यजो," म्हणाल्या. "खाली माग चालू हायत. वीस मानसं हायत गाळ्यात. एक पाय आपटला का वर येतात." ती माणसं जिना उतरून गेली. त्या गोंगाटात खाली कुणाला काही ऐकू गेलं नसतं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाईंनी प्रती काढायला स्टेन्सिल कापली. मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषांत. शनिवारी बँक बंद झाल्यावर येणारा, भाव न करणारा, जास्तीचा ड्राफ्ट देऊन फरक रोख मागणारा माणूस दिसला, तर वस्तू देऊ नका, फरक देऊ नका, बँक हो म्हणेपर्यंत थांबा. खाली क्लासचा पत्ता. आम्ही सगळ्या नंबरांनी मिळून ते कागद मागांच्या गाळ्यांतून, रिक्षा स्टँडवर, दवाखान्यांच्या भिंतींवर लावले. लोक म्हणायचे, बाई, कशाला अंगावर घेता? त्या डिंकाचा डबा पुढे करून म्हणायच्या, "धर."

चौथ्या दिवशी एक विधवा बाई आली. साड्यांना लेस लावून पोट भरणारी. तिचं शिलाई मशीन त्याच सफारीवाल्याने नेलं होतं, वर बाराशे रुपये रोखही. तिने ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. न वटलेला ड्राफ्ट पिशवीत गुंडाळून आणला होता. दाखवताना रडायला लागली. "माझीच अक्कल गेली होती. लाज वाटते हो."

"तुले काहून?" बाई इतक्या जोरात बोलल्या, की सगळी मशिनं थांबली. "लाज त्याले वाटू दे. तू मान वर कर आधी."

मग त्यांनी दोन्ही ड्राफ्ट शेजारी शेजारी ठेवले आणि मला बोलावलं. "सात नंबर, पाह्य. काय दिसते?"

मला दिसलं. दोन्हीकडे 'फक्त'च्या पुढे तेच. बरोबर, आडवी रेघ, बरोबर, आडवी रेघ, बरोबर, आडवी रेघ.

"हे जगात एकाच क्लासात शिकवतात," बाई म्हणाल्या. त्या शनिवारी खिडकीपाशी त्यांनी हेच पाहिलं होतं, आणि इतके दिवस एकट्यानेच मनात ठेवलं होतं.

त्यांचे दोनच विद्यार्थी कोर्टाबाहेर टेबल टाकून येईल त्याचे कागद टाइप करून द्यायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पहिल्याकडून एक ओळ टाइप करून घेतली, ड्राफ्टशी ताडून पाहिली. अक्षरं जुळली नाहीत. बाईंनी त्याची माफी मागितली, कशाची ते न सांगता. दुसरा पाच नंबर. चाळिशीकडे झुकलेला, नंदुरबारकडचा, बाईंच्या पहिल्या बॅचचा. त्यांना पाहताच उठून पाया पडला, चहा सांगितला. बाईंनी दोन्ही ड्राफ्ट त्याच्या मशीनवर ठेवले.

तो बाईंकडे पाहीना.

"ते लोक कोरे ड्राफ्टचे फॉर्म घेऊन यायचे, बाई. मी विचारलं नाही."

"काहून नाही विचारलं?"

"एका कागदाचे पन्नास द्यायचे." मग म्हणाला, "विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून."

"आन् हे?" बाईंनी त्या चिन्हांवर बोट ठेवलं.

"हात आपोआप गेला."

बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. मग उठल्या.

"मशीन उचल. चाल चौकीत."

"बाई, पोरगी पहिलीत आहे माझी."

"म्हनूनच. तिनं विचाराच्या आधी तू सांग. उचल."

कोर्टापासून चौकीपर्यंत तो आम्हा दोघींच्या मधून चालला. छातीशी टाइपरायटर धरलेला. एकदाही पळायचा प्रयत्न केला नाही. या वेळी फौजदाराने स्वतः खुर्ची दिली. पाच नंबरच्या जबानीवरून पुढच्याच महिन्यात, सचिनमध्ये, शनिवारी दुपारी, टेम्पोत फ्रीज चढवताना सफारीवाला पकडला गेला. लेसवाल्या बाईचं मशीन मात्र सापडलं नाही. क्लासातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून तिला जुनं एक घेऊन दिलं. आमची स्कूटर एका पोस्टमनने घेतली. बाईंनी दोघांना बँकेत नेलं, कॅशियरच्या खिडकीतून नोटा तपासून घेतल्या, मग किल्ली द्यायला लावली. पोस्टमनलाही ती रीत आवडली. नवऱ्याने दुकान टाकलं.

पाच नंबरला शिक्षा झाली. बाईंनी कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि सुटेपर्यंत दर महिन्याला त्याला भेटायलाही गेल्या. त्याच्या बायकोला क्लासात बसवलं. सुटून आल्यावर त्याला कुणी काम देईना. कोर्टाबाहेरची जागा दुसऱ्याने घेतली होती. एक दिवस क्लास सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. मला तोवर सचिनला नोकरी लागली होती, पण स्पीड वाढवायला संध्याकाळी जायचे.

"पाच नंबरले इथं शिकवाले ठेवाव म्हणतो. तुही गाडी जानार होती. तुले विचारतो."

मी विचार केला. दाराला टेकलेल्या नवऱ्याचा चेहरा आठवला. "नाही, बाई. मला नाही चालणार."

"बरं." त्यांनी मान हलवली. "विचारलं मी. आयकीन, असं म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तो आला. त्या आठवड्यात सहा पालकांनी मुलं काढून घेतली. एकजण जिन्यात उभं राहून ओरडला, चोराच्या हाताखाली आमच्या पोरी शिकणार नाहीत. बाई दारात आल्या आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात म्हणाल्या, "त्यानं चोरी केली ते मी सांगतलं पोलिसाले! तुम्ही नाही सांगतलं. आता तो इथं राहीन, हेही मीच सांगतो." आणि दार उघडंच ठेवून आत आल्या.

मी आठ-दहा दिवस त्याच्याशी बोलले नाही. एका संध्याकाळी माझ्या मशीनची रिबन अडकली. बाई बँकेत गेल्या होत्या. तो आला, वाकला, काही न बोलता रिबन सोडवू लागला. बोटं शाईने काळी झाली. त्याने ती बसवली, एक ओळ मारून पाहिली आणि उठायला लागला.

"बसा," मी म्हटलं. "माझी डावी करंगळी कमी पडते. बघा जरा."

तो स्टूल ओढून बसला. मी कळफलकावर फडकं टाकलं आणि सुरू केलं.